झिर्कोनियमच्या आड लपलेला धातू

अणूला ठाम कड नसते. इलेक्ट्रॉनांचा मेघ बाहेर जाता जाता विरळ होत जातो. म्हणून धातूतल्या दोन शेजारी अणुकेंद्रांमधलं अंतर मोजायचं आणि त्याचं निम्मं अणूची त्रिज्या मानायची. या मापाने झिर्कोनियमची त्रिज्या साधारण १६० पिकोमीटर भरते. आवर्तसारणीत त्याच्या बरोबर खाली हाफ्नियम आहे. त्यात ३२ इलेक्ट्रॉन जास्त, कवचही एक जास्त. तरी त्रिज्या १५९!

हे घडतं मधल्या चौदा मूलद्रव्यांमुळे. लँथॅनमनंतर दरवेळी अणुकेंद्रात एक प्रोटॉन वाढतो आणि नवा इलेक्ट्रॉन बहुधा आतल्या ४एफ उपकवचात जाऊन बसतो. या उपकवचाचा आकार असा पसरट, की त्यातले इलेक्ट्रॉन बाहेरच्यांना केंद्रापासून पुरेसा आडोसा देत नाहीत. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरची ओढ वाढत राहते, अणू आक्रसत जातो आणि हाफ्नियमपर्यंत येता येता जास्तीच्या कवचाने मिळालेली वाढ संपून जाते.

आकार सारखा, बाहेरचे इलेक्ट्रॉनही दोघांत चारच. मग रसायनशास्त्रज्ञांना फरक कळणार कसा? क्लापरोटने झिर्कोनियम ओळखलं १७८९ मध्ये, हाफ्नियम सापडायला १९२३ उजाडलं. एवढा काळ जगभरच्या प्रयोगशाळांतलं ‘शुद्ध’ झिर्कोनियम भेसळीचंच होतं. ७२ वं मूलद्रव्य झिर्कोनियमसारखं असेल, हे नील्स बोर यांच्या सिद्धांतातून निघत होतं. त्यांच्याच कोपनहेगनच्या संस्थेत कोस्टर आणि हेवेशी यांनी झिर्कोनियमच्या खनिजावर क्ष-किरणांचा प्रयोग केला. या प्रयोगाची निवड मला फार मोलाची वाटते. रासायनिक गुण बाहेरचे इलेक्ट्रॉन ठरवतात, पण क्ष-किरण अगदी आतल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीतून निघतात आणि तिथे प्रोटॉनांची संख्या लपवता येत नाही.

न्यूट्रॉनला मात्र ही जुळी भावंडं मुळीच सारखी वाटत नाहीत. झिर्कोनियम त्याला जवळजवळ अडवतच नाही, म्हणून तारापूरच्या अणुभट्ट्यांत युरेनियमच्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात. हाफ्नियम न्यूट्रॉन शेकडो पट अधिक गिळतो. तो नळीत राहिला तर शृंखला अभिक्रियेला लागणारे न्यूट्रॉनच वाया जातील. त्यामुळे हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये आधी द्रावकांच्या साहाय्याने, टप्प्याटप्प्याने दोघांना वेगळं करतात. काही अणुभट्ट्यांत हाच हाफ्नियम नियंत्रक कांड्यांसाठी वापरला जातो.