खर्ज बसतो तेव्हा

संपादकांनी मला वऱ्हाडातल्या ऑर्केस्ट्रांवर लिहायला पाठवलं होतं. गायक, निवेदक, ऑक्टोपॅडवाले अशी भेटायच्या माणसांची यादी खिशात घेऊन मी अमरावतीत उतरलो आणि जवाहर गेटच्या आतल्या एका बोळात, दुरुस्तीच्या दुकानात, अख्खा दिवस काढला. यादी खिशातच राहिली.

दुकान म्हणजे एक अंधारी खोली. भिंतीला पोट फाडलेले स्पीकर टेकवलेले, कोपऱ्यात दोन बेंजो. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात ते खरं तर कळांचं बुलबुलतरंग, पुढे त्यात पिकअप बसून ते विजेवर गेलं. चुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळली की वर हलणारी पोलादी तार त्यात वीज उठवते, हे मिस्तरीकाका त्या बेंजोवरच शिकले. त्यामुळे अकोल्याचा एक तरुण पाठीवर बास गिटार घेऊन आला, तेव्हा काकांना ते वाद्य परकं नव्हतं.

“काका, आवाज बसला. मशीन फुल केली तरी खर्ज येत नाही. वरतून गुणगुण वाढली.”

“कवापासून?”

“पावसाळ्यापासून.”

चार तारांचं हे वाद्य 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडरनं बाजारात आणलं. तोवर माणसाच्या उंचीचा डबल बास ओढत न्यावा लागे. आपल्या कानांत ते हिंदी सिनेमातून शिरलं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत. ती गाणी ऐकताना बासचं नाव कुणी घेत नाही, पण तो काढून टाकला तर गाणं पाय नसल्यासारखं होतं. गणपती-नवरात्राचे कार्यक्रम, 14 एप्रिलची भीमगीतं, सगळीकडे तो असाच खाली उभा असतो.

काकांनी आधी वायर बदलली. मग पिन फिरवून खरखर ऐकली. मग आवाजाची कळ सुट्टी केली. दोष यांपैकी कशात नव्हता. आता त्यांनी तारांकडे पाहिलं आणि थांबले. तारा सोनेरी होत्या.

“हे कोनं लावल्या?”

नव्या तारा मिळत नव्हत्या, म्हणून कुणीतरी साध्या, बिनविजेच्या बाससाठीच्या ब्राँझच्या तारा दिल्या होत्या. जुन्या तारा तरुणाच्या पिशवीत होत्या. काकांनी फुटक्या स्पीकरचं चुंबक घेतलं. जुनी तार त्याला चटकन चिकटली. सोनेरी तार मात्र ओढ खाऊन सुटली. तिच्या पोटात पोलाद आहे, वरचे वेढे ब्राँझचे, आणि ब्राँझला चुंबक ओळखत नाही. तार हलते, पण पिकअपला तिच्यातलं बारीक पोलादच दिसतं. मशीन कितीही वाढवली तरी जे मुळात उठलंच नाही ते मोठं कसं होणार?

जुन्या तारा चढल्या. तळाची मी, मग ला, रे, सोल असं तरुण स्वतःच्या हिशेबानं जुळवत गेला. चारही तारांचा मिळून 70 किलोच्या आसपास ताण त्या लाकडी मानेवर असतो. वरच्या दोन तारा आता दणकून बोलल्या. खालच्या दोन अजून घोगऱ्याच.

इथे मला वाटलं, झालं, आता स्क्रू पिळून पिकअप वर घेतील. काकांनी तसं केलं नाही. पिकअप फार जवळ नेलं तर चुंबकच तार धरून ठेवतं, सूर डळमळतो. तार शेवटच्या पट्टीवर दाबून रुपयाची दोन नाणी मावतील इतकं अंतर त्यांनी ठेवलं आणि मीटर काढलं.

हे पिकअप दोन तुकड्यांचं असतं. एक तुकडा जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली. दोन्ही मिळून साधारण साडेदहा हजार ओम दाखवायला हवेत. मीटरवर आले पाच हजार तीनशे.

“अर्धंच जितं आहे,” काका म्हणाले, आणि मला समजावून सांगू लागले. दोन तुकड्यांचे वेढे उलटसुलट असतात. दिव्यांच्या माळा, पंखे, डिमर यांची गुणगुण दोघांत शिरते आणि एकमेकांना मारते. एक तुकडा मेला की आवाजही जातो आणि गुणगुण मारणाराही जातो. तरुणानं दोन तक्रारी सांगितल्या होत्या. दोष एकच होता.

झाकण काढल्यावर तो सापडला. पावसाळ्यात एका दुकानात गुणगुण कमी करायला आत तांब्याची पन्नी चिकटवली होती. दोन तुकड्यांना जोडणाऱ्या तारेवरचं प्लास्टिक तेव्हा टाका मारताना वितळलं आणि ती तार पन्नीला, म्हणजे जमिनीला, टेकली. एका तुकड्याची दोन्ही टोकं जमिनीला लागली. काकांनी बोटभर नळी चढवली, टाका मारला. मीटर साडेदहावर. “मे महिन्यात हेच साडेअकरा दाखवते,” ते म्हणाले. खरंच आहे. तांब्याचा रोध उष्णतेनं वाढतो, 25 अंशांना जवळजवळ दहा टक्के. अमरावतीचा उन्हाळा असा मीटरवरही दिसतो.

मग तारा कोणत्या घ्यायच्या यावर तासभर चर्चा. सपाट वेढ्यांच्या तारांवर बोटाचा घासा ऐकू येत नाही, आवाज गोल. अमेरिकेतला बासवादक जेम्स जेमर्सन त्या वापरे आणि सहसा बदलतही नसे. भजनाला, जुन्या गाण्यांना त्या शोभतात, मलाही त्याच आवडतात. पण काकांचं मत वेगळं, आणि ते मला पटलं. सर्वांत खालच्या तारेचा स्वर 41 हर्ट्झचा. मांडवातल्या भोंग्यातून तो येतच नाही. येतात त्याच्या वरचे, 82, 123 असे, आणि त्यांवरून कान खालचा स्वर स्वतः जुळवून घेतो. गोल वेढ्यांच्या निकेलच्या तारांत हे वरचे स्वर भरपूर. “ज्याले मोठे स्पीकर भेटते त्यानं सपाट लावावी. आपल्याले भोंगा पाहून तार घ्या लागते.”

रात्री तरुणाच्या मागे मी मूर्तिजापूरला कार्यक्रमाला गेलो. दोन महिने त्याचा खर्ज कीबोर्डवाला डाव्या हातानं भरून काढत होता. दुसऱ्या गाण्याला त्यानं तो हात उचलून मांडीवर ठेवला.

मला आनंद झाला, पण तो टिकला नाही. परतताना ऑर्केस्ट्राच्या संचालकांनी सरळ सांगितलं, की डावा हात फुकट मिळत असताना बासच्या माणसाचं मानधन आणि गाडीतली जागा आयोजकांना पटवणं दर हंगामात अवघड होतंय. तरुणाला हे ठाऊक आहे. त्याच्या गावात सहा तारांच्या गिटारच्या तारा मिळतात, बासच्या मागवाव्या लागतात. म्हणून तो मळलेल्या तारा पातेल्यात उकळतो. घाम आणि मळ निघतो, काही दिवस चमक परत येते, आणि मग तार पूर्वीपेक्षा लवकर मरते.

काकांची काळजी याहून मोठी आहे. त्या दिवशी दोष टाक्याचा होता म्हणून निभावलं. आतला वेढा तुटला असता तर केसाहून बारीक तार हातानं हजारो वेळा गुंडाळावी लागली असती. ताण जास्त झाला की तुटते, कमी झाला की वेढे सैल पडून पिकअप शिट्टी मारतं. काकांची नजर आता सुईच्या नेढ्यालाही चुकते. त्यांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, आणि त्यात पोट भरतं. तसल्या तारेचं एक रीळ फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं त्यांनी मला दाखवलं. उलगडलं नाही. हात कापतो, म्हणाले.