चित्रीकरणस्थळावरील वैद्यकीय साहाय्य व सुरक्षा

चित्रपट, अनुबोधपट, दूरचित्रवाणी मालिका इत्यादींच्या चित्रीकरणात भाग घेणारे कलावंत, तंत्रज्ञ व कामगार यांचे अपघात व आजार यांपासून रक्षण व्हावे आणि आपत्ती ओढवल्यास तातडीने उपचार मिळावेत, यासाठी चित्रीकरणाच्या जागीच केलेली व्यवस्था. चित्रनगरीत वा बंदिस्त कलागृहात आग व वीज हे मुख्य धोके असतात. बाह्यचित्रीकरणात त्यांच्या जोडीला हवामान, पाणी, वन्य प्राणी, विषारी जीव, अवघड रस्ते आणि रुग्णालयापासूनचे अंतर यांचा विचार करावा लागतो. अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुका हे अशा प्रदेशाचे चांगले उदाहरण होय. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेकडे संत्र्यांच्या बागा, खोल विहिरी व वर्धा नदीचे पात्र असे वैविध्य येथे थोडक्या अंतरात आढळते. मात्र वरूडच्या ग्रामीण रुग्णालयापलीकडील विशेष उपचारांसाठी अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते व त्यास सु. दोन तास लागतात. पुढील विवेचनात वऱ्हाडातील परिस्थिती प्रामुख्याने डोळ्यांसमोर ठेवली आहे.

पूर्वपीठिका : भारतीय चित्रपटाच्या आरंभीच्या काळात चित्रीकरणस्थळी वैद्य ठेवण्याची रीत नव्हती, दुखापत हा व्यवसायाचा भाग मानला जाई. १९४२ मध्ये जंग-ए-आझादी या चित्रपटाच्या चित्रीकरणात जोराची थप्पड बसल्याने ललिता पवार यांच्या चेहऱ्यास पक्षाघात झाला व डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. दो आँखें बारह हाथ (१९५७) या चित्रपटातील बैलाशी झुंजीच्या प्रसंगात व्ही. शांताराम यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली व काही काळ त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून राहावे लागले.

२६ जुलै १९८२ रोजी बंगलोर येथे कुली (१९८३) या चित्रपटातील मारामारीच्या दृश्यात अमिताभ बच्चन यांच्या पोटास मार बसून आतडे फाटले. अशा बंद इजेत त्वचेवर जखम दिसत नाही, दुखणे प्रथम सौम्य भासते आणि खरी लक्षणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी प्रकट होतात. त्यामुळे पोटावर मार बसलेल्या व्यक्तीस, ती ठीक असल्याचे सांगत असली तरी, निरीक्षणाखाली ठेवणे आवश्यक असते. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूर येथील प्रीमियर स्टुडिओत द सोर्ड ऑफ टिपू सुलतान या मालिकेच्या चित्रीकरणाच्या वेळी लागलेल्या आगीत ६२ जण मृत्युमुखी पडले. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी कर्नाटकातील तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयावर हेलिकॉप्टरमधून पाण्यात उडी घेतलेले दोन कलावंत बुडाले. परदेशांतही २३ जुलै १९८२ रोजी अमेरिकेत ट्वायलाइट झोन या चित्रपटाच्या वेळी हेलिकॉप्टर कोसळून एक नट व दोन बालके, तर २१ ऑक्टोबर २०२१ रोजी रस्ट या चित्रपटाच्या वेळी गोळी लागून छायाचित्रणकार मरण पावली. या दुर्घटनांपैकी अनेकींत धोका आधी ओळखता येण्याजोगा होता.

कायदा : चित्रपट कामगारांच्या सेवाशर्तींसंबंधी व कल्याणनिधीसंबंधी केंद्र शासनाने १९८१ मध्ये कायदे केले. त्यांतील सेवाशर्तींचा कायदा पुढे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली व तीत दृक्‌श्राव्य माध्यमांतील कामगारांचा अंतर्भाव आहे. बालकलावंतांसाठी बालकामगारविषयक नियमांत २०१७ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते; बालकाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक व विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही.

स्थळपाहणी : सुरक्षेचे काम चित्रीकरणापूर्वी सुरू होते. जागा निवडताना दिग्दर्शक व छायाचित्रणकार यांच्याबरोबर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीनेही पाहणी करावी. कठडा नसलेल्या विहिरी, डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा, मधमाश्यांची पोळी, नदीचा तळ व प्रवाह, रुग्णवाहिका वळू शकेल असा रस्ता आणि दूरध्वनीची पोहोच यांची नोंद केली जाते. जवळच्या रुग्णालयाचे नाव माहीत असणे पुरेसे नसते. तेथे सर्पविषरोधी लस, प्राणवायू, रक्त व शस्त्रक्रियेची सोय कितपत आहे आणि रात्री कोण उपलब्ध असते, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे लागते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा मिळते. तथापि डोंगराळ भागात ती पोहोचण्यास वेळ लागत असल्याने पथकाबरोबर स्वतंत्र वाहन ठेवणे इष्ट ठरते. मेळघाटासारख्या व्याघ्रप्रकल्पात वनखात्याची परवानगी व सोबत वनरक्षक असणे अपरिहार्य आहे.

वैद्यकीय पथक : साध्या चित्रीकरणास प्रशिक्षित परिचारक व प्रथमोपचार पेटी चालते, साहसदृश्ये, स्फोट, पाणी वा दुर्गम जागा असल्यास तातडीच्या उपचारांत अनुभव असलेला डॉक्टर हवा. त्याच्याजवळ प्राणवायूचे नळकांडे, श्वसनासाठी पिशवी व मुखवटा, मानेचा पट्टा, ताठ फळी, तुटलेल्या हाडांसाठी खपाट्या, रक्तस्राव थांबविणारे दाबपट्टे, शिरेतून देण्याचे द्रव, ॲड्रिनॅलीन, ॲट्रोपीन व शक्य तर हृदयास विद्युत्‌धक्का देणारे स्वयंचलित यंत्र असावे. हृदय बंद पडल्यास उपचारावाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सु. सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून छाती दाबण्याची क्रिया केवळ डॉक्टरास नव्हे, तर पथकातील निदान चार-पाच जणांस येणे आवश्यक आहे [→ प्रथमोपचार].

उष्णतेचे विकार : वऱ्हाडात मे महिन्यात कमाल तापमान ४५° से. च्या पुढे जाणे नवलाचे नसते. येथील हवा कोरडी असल्याने घाम तत्काळ वाळतो. अंग कोरडे राहिल्यामुळे आपल्या शरीरातून किती पाणी गेले हे माणसाच्या लक्षात येत नाही. जड पोशाख, दागदागिने, रंगभूषा, परावर्तक फलक व प्रखर दिवे यांमुळे भार आणखी वाढतो. मुंबईच्या दमट हवेतून आलेल्या व्यक्तीस या उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिले काही दिवस कामाचे तास कमी ठेवावेत. सकाळी अकरापर्यंत व दुपारी चारनंतर चित्रीकरण, मधल्या वेळी सावलीत विश्रांती, हा क्रम शेतकऱ्यांच्या अनुभवाशी जुळणारा आहे. ताशी पाऊण लिटर पाणी धरल्यास शंभर माणसांच्या पथकास आठ तासांसाठी सहाशे लिटर पाणी लागते. एवढा साठा जागेवरच हवा, कारण या तालुक्यात भूजलाचा उपसा अतिशय होऊन पातळी खोल गेली आहे.

पेटके, चक्कर व थकवा ही उष्णतेच्या त्रासाची पूर्वचिन्हे होत. बोलणे असंबद्ध होणे, तोल जाणे, झटके वा बेशुद्धी आणि शरीराचे तापमान ४०° से. च्या वर जाणे म्हणजे उष्माघात. अंगाला घाम असला तरीही उष्माघात नाकारता येत नाही. यात आधी थंडावा व मग वाहतूक असा क्रम पाळावा लागतो. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, ओल्या चादरीवर पंख्याचा वारा घ्यावा, काख व जांघ येथे बर्फ ठेवावा. कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन जलद होत असल्याने ओल्या चादरीचा उपाय वऱ्हाडात विशेष परिणामकारक ठरतो. बेशुद्धास तोंडाने पाणी देऊ नये. तापावरील नेहमीच्या गोळ्यांचा येथे उपयोग होत नाही.

दंश व विषबाधा : नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे या भागातील प्रमुख विषारी साप होत. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्यास चावतो; दंशाची वेदना नगण्य असते व पहाटे पोटदुखी, जड पापण्या आणि श्वासाचा त्रास सुरू होतो. म्हणून शाळेच्या वा मंदिराच्या ओट्यावर मुक्काम करणाऱ्या कामगारांना खाटा व मच्छरदाण्या देणे ही चैन नसून गरज आहे. दंश झाल्यास अवयव हलू न देता रुग्णास रुग्णालयात न्यावे. चिरणे, चोखणे व घट्ट बांधणे वर्ज्य. विंचूदंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. धूर सोडणारी यंत्रे व उडती छायाचित्रण-यंत्रे यांनी आग्या मोहोळ उठू शकते. मधमाश्यांच्या विषाची तीव्र अधिहर्षता असणाऱ्यास ०.५ मिग्रॅ. ॲड्रिनॅलीन मांडीच्या स्नायूत तत्काळ टोचावे लागते. बागेत चित्रीकरण करताना शेवटची फवारणी केव्हा व कशाची झाली हे बागाइतदारास विचारावे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक बळी घेतले होते.

पाणी, वीज व आग : वरूड तालुक्यातील झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. ती दुर्घटना चित्रीकरणातील नसली, तरी नदीपात्रात काम करणाऱ्यांना तिचा बोध आहे : नावेत क्षमतेहून अधिक माणसे घेऊ नयेत, दृश्यात दिसत नसले तरी प्रत्येकाच्या अंगी तरंगजाकीट असावे आणि बचावाची दुसरी नाव पाण्यातच तयार असावी. पहिल्या पावसात गडगडाट ऐकू येताच यारी, शिड्या व झाडे यांपासून दूर होऊन वाहनात वा पक्क्या इमारतीत जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास काम सुरू करू नये. जनित्राची भूजोडणी व गळतीप्रवाह तोडणारा खटका रोज तपासावा. ज्वालाग्राही पडदे, बारदान व तप्त दिवे एकत्र येऊ देऊ नयेत. बाहेर पडण्याचे मार्ग निदान दोन व मोकळे असावेत. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे.

अधिकार व जबाबदारी : धोका दिसताच चित्रीकरण थांबविण्याचा अधिकार कोणास आहे, हा या व्यवस्थेतील कळीचा प्रश्न होय. दिग्दर्शकावर वेळेचे व निर्मात्यावर खर्चाचे दडपण असते. म्हणून हा अधिकार सुरक्षा अधिकारी, साहसदृश्य-दिग्दर्शक व डॉक्टर यांपैकी प्रत्येकास स्वतंत्रपणे व लेखी दिलेला असावा. नामांकित नटाच्या इजेची वार्ता सर्वत्र होते. परंतु दिवे उचलणारा, सामान वाहणारा वा गर्दीच्या दृश्यासाठी गावातून बोलावलेला माणूस आजार लपवितो, कारण सांगितल्यास त्या दिवसाची मजुरी बुडण्याची त्याला भीती असते. त्यामुळे आजारपणाच्या दिवसाची मजुरी न कापणे हाही सुरक्षेचाच उपाय ठरतो. स्थानिक सहभागींची नावे, वय, जुने आजार व नातलगांचा संपर्क यांची यादी रोज करावी आणि त्यांनाही विम्याचे संरक्षण द्यावे. रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी त्या दिवसाचे धोके, रुग्णवाहिकेची जागा व रुग्णालयाचा मार्ग मराठीत व पथकाच्या इतर भाषांत सर्वांना सांगितला जातो. लांबलेल्या रात्रपाळीनंतर थकलेल्या चालकाने वाहन हाकणे हा तितकाच मोठा धोका असल्याने दोन पाळ्यांमध्ये पुरेशी झोप मिळेल असे वेळापत्रक आखणे, हे सुरक्षेचे शेवटचे पण दुर्लक्ष न करण्याजोगे अंग होय.