लॅपटॉप : खरेदी की प्रतीक्षा?

लॅपटॉपसारख्या टिकाऊ वस्तूबाबत प्रतीक्षा ही काटकसर भासते. अधिक सरस मॉडेल कायमच येऊ घातलेले असते. तथापि प्रतीक्षेलाही संधी खर्च असतो. ५०,००० रुपयांचा लॅपटॉप वर्षभरानंतर ४४,००० रुपयांना मिळेल असे मानल्यास दरमहा ५०० रुपये वाचतात. परंतु दरम्यान सायबर कॅफेवर तेवढाच खर्च झाल्यास बचत शून्य ठरते, अभ्यासाचे नुकसान वेगळेच. जुने यंत्र चालू स्थितीत असणाऱ्यालाच प्रतीक्षा परवडते.

शिवाय किंमत उतरेलच, हे गृहीतकही ठिसूळ आहे. भारताची गरज मोठ्या प्रमाणात आयातीवर भागते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉपची आयात परवानाधीन केली. पुढे ती ऑनलाइन आयात व्यवस्थापन प्रणालीद्वारे सुलभ करण्यात आली. डॉलरच्या तुलनेत रुपया घसरल्यास तर जुने मॉडेलही महागते.