विगनच्या क्लबाचे मोठे खेळाडू

रग्बी लीग हा खेळ आपल्या गावात कोणी खेळत नाही. म्हणून आधी खेळ सांगते, मग खेळाडू सांगते.

दोन संघ असतात. एकेका संघात १३ गडी. चेंडू गोल नसतो, न सोललेल्या नारळासारखा लांबट असतो. तो हातात घेऊन पळायचे आणि समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा. याला 'ट्राय' म्हणतात. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही. मागे नाहीतर बाजूलाच फेकायचा. समोरचे गडी पळणाऱ्याला धरतात आणि खाली पाडतात. कबड्डीतल्या पकडीसारखेच, पण इथे दम धरावा लागत नाही. दोन उंच खांब असतात, त्यांच्यामध्ये आडवी दांडी. त्या दांडीवरून चेंडू लाथेने मारला की गोल होतो.

हा खेळ इंग्लंडच्या उत्तर भागात सुरू झाला आणि तो भांडणातून सुरू झाला. रग्बी आधीपासून होतीच. पण रग्बीच्या मोठ्या मंडळाचा नियम होता की खेळाडूने एक पैसासुद्धा घ्यायचा नाही. श्रीमंत लोकांना ते परवडायचे. उत्तरेकडचे खेळाडू मात्र कोळशाच्या खाणीत, नाहीतर कापडाच्या गिरणीत कामाला. शनिवारीही काम असायचे. सामन्याला गेले की रोज बुडायचा. क्लबवाले म्हणाले, बुडालेला रोज तरी भरून देऊ द्या. मंडळ नाही म्हणाले. मी हे आईला वाचून दाखवले तर आई म्हणाली, "मग त्यांचं काय चुकलं? रोज बुडाला तर चूल कशी पेटायची?"

मग २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावी जॉर्ज हॉटेलात क्लबांची बैठक झाली आणि ते मोठ्या मंडळापासून फुटले. त्यांत विगनचा क्लब होता. विगन म्हणजे तेव्हा कोळशाच्या खाणींचे गाव. क्लब त्याहून जुना, १८७२ चा. मोठे मंडळ फार रागावले. जो लीग खेळेल त्याला जुन्या रग्बीत पुन्हा घ्यायचे नाही असे त्यांनी ठरवले. ही आडकाठी १९९५ पर्यंत टिकली. वजाबाकी करून बघा, बरोबर १०० वर्षे!

आता खेळाडू. जिम सलिव्हन हा कार्डिफ शहरातला. कार्डिफ वेल्स देशात आहे. तो १९२१ मध्ये विगनला आला तेव्हा १७ वर्षांचा होता. पुढे तो विगनकडून ७७४ सामने खेळला आणि त्याने २,३१७ गोल मारले. विगनमध्ये इतके कोणाचेच नाहीत.

पण मला सगळ्यांत जास्त बिली बोस्टनबद्दल सांगायचे आहे. (गुरुजी म्हणतात मोठ्या माणसांना 'ते' म्हणावे. पण आपण 'सचिन आला' असेच म्हणतो ना, म्हणून मी 'तो' लिहिते.)

बिलीचा जन्म ६ ऑगस्ट १९३४ चा. तोही कार्डिफचाच, टायगर बे नावाच्या बंदराजवळच्या वस्तीतला. वडील सिएरा लिओन देशातले, बोटीवर खलाशी होते. आई कार्डिफचीच. बिलीला आपल्याच शहराच्या मोठ्या रग्बी क्लबात खेळायचे होते. तिथून बोलावणे आले नाही. त्याचा रंग काळा होता म्हणून आले नाही, असे पुष्कळ लोक म्हणतात.

बोलावणे विगनहून आले. १९५३ मध्ये विगनची माणसे घरी आली. त्यांनी टेबलावर १,५०० पौंडांच्या नोटा मांडल्या. आईला मुलाला पाठवायचे नव्हते. ती म्हणाली, ३,००० द्या. तिला वाटले आता हे निघून जातील. त्यांनी ३,००० दिले! झाले, बिलीला जावेच लागले. एकदा लीगमध्ये गेले की परत यायची वाट बंद, हे वर सांगितलेच आहे. मला त्या आईचे वाईट वाटते.

विगनमध्ये त्याचा पहिला सामना दुय्यम संघाकडून होता. दुय्यम संघाचा सामना बघायला कोण येते? पण त्या दिवशी ८,००० च्या वर माणसे आली. मुख्य संघाकडून सहाच सामने खेळला आणि लगेच ब्रिटनच्या संघातून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. तेव्हा १९ वर्षांचा होता. त्या दौऱ्यात त्याने ३६ ट्राय केले. एवढे कोणी केले नव्हते. तो कडेने पळायचा. अंगाने जाड होता तरी वेग फार, त्यामुळे धरायला आलेलेच पडायचे.

१९५७ ची गोष्ट मात्र वाईट आहे. ब्रिटनचा संघ ऑस्ट्रेलियातून येताना दक्षिण आफ्रिकेत खेळणार होता. तिथे तेव्हा काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळायला बंदी होती. बाकी संघ तिकडे गेला आणि बिली एकटा घरी परतला. सगळ्या संघानेच जायला नको होते, असे मला वाटते.

विगनकडून तो १९६८ पर्यंत खेळला. ४८८ सामने आणि ४७८ ट्राय. म्हणजे एका सामन्याला जवळजवळ एक! त्याच्या शेजारी एरिक अ‍ॅश्टन खेळायचा. तो कप्तान होता. चेंडू कधी सोडायचा हे त्याला अचूक कळायचे, म्हणून बिलीच्या ट्रायमध्ये अ‍ॅश्टनचाही वाटा आहे. चेंडू देणाऱ्याचे नाव आकड्यांत येत नाही.

आता सन्मान कसे झाले ते सांगते. १९८८ मध्ये रग्बी लीगच्या थोर खेळाडूंची पहिली यादी झाली. तिच्यात फक्त नऊ नावे. जिम आणि बिली दोघेही त्यात होते. विगनच्या नव्या मैदानावर एका बाजूच्या बैठकीला बोस्टनचे नाव दिले. लंडनला वेम्बली मैदानाबाहेर २०१५ मध्ये पाच खेळाडूंचा पुतळा बसवला. पाचांतले तिघे विगनकडून खेळलेले: बोस्टन, अ‍ॅश्टन आणि मार्टिन ओफाया. २०१६ मध्ये विगन गावात एकट्या बिलीचा पुतळा झाला. त्यासाठी लोकांनी वर्गणी काढली.

आणि कार्डिफ? ज्या शहराने बोलावले नाही तिथे २०२३ च्या जुलैत पुतळा झाला. बिली, गस रिस्मन आणि क्लाइव्ह सलिव्हन असे तिघे त्यात आहेत. (हा सलिव्हन वेगळा, जिम नव्हे.) तिघेही कार्डिफचे, आणि तिघांनाही मोठे होण्यासाठी शहर सोडावे लागले. पुतळा उघडला तेव्हा बिली स्वतः हजर होता. वय ८८.

जून २०२५ मध्ये त्याला 'सर' ही पदवी मिळाली. आपण शाळेत म्हणतो ते सर नव्हे, ही राजाने दिलेली पदवी असते. रग्बी लीगच्या खेळाडूला ती पहिल्यांदाच मिळाली. खेळ सुरू होऊन १३० वर्षे झाली होती आणि बिली ९० वर्षांचा होता. त्याला विसरण्याचा आजार झाला होता. राजाची यादी जाहीर व्हायला काही दिवस होते, पण त्याच्यासाठी थांबले नाहीत. लंडनला बकिंगहॅम राजवाड्यात कार्यक्रम करून पदवी आधीच दिली.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी