कुलूपबंद अक्षरांचा परवाना

ह्युलेट-पॅकार्डने 1984 साली लेसरजेट हा प्रिंटर 3,495 डॉलरला विक्रीस काढला आणि पुढच्याच जानेवारीत अ‍ॅपलने लेसररायटर 6,995 डॉलरला जाहीर केला, तेव्हा कागदावर प्रत्यक्ष छाप उठवणारी यंत्रणा दोहोंच्या पोटी कॅनन या एकाच जपानी कारखानदाराची होती. दुपटीची ही तफावत अ‍ॅपलच्या यंत्रातील स्वतंत्र संगणकामुळे व दीड मेगाबाइट स्मृतीमुळे जशी पडली, तशीच पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णनाच्या भाषेमुळे आणि तिच्या परवान्यामुळेही पडली.

झेरॉक्सची नोकरी सोडून 1982 मध्ये अडोबी कंपनी स्थापन करणाऱ्या जॉन वॉरनॉक व चार्ल्स गेश्की यांनी ही भाषा सिद्ध केली. लेसरजेटसारख्या यंत्राला प्रत्येक आकारमानाच्या अक्षराचे ठिपक्यांचे चित्र निराळे पुरवावे लागे. पोस्टस्क्रिप्टने अक्षराची बाह्यरेषा गणिती वक्रांत बांधली आणि एकाच आराखड्यातून लहानमोठी सारी अक्षरे उमटू लागली. लेसररायटरमध्ये असे 13 फॉन्ट होते, आणि त्यांतील टाइम्स व हेल्व्हेटिका यांसाठी अडोबीने लायनोटाइप या जुन्या मुद्रणयंत्र-घराण्याशी रीतसर करार केला होता.

हा करार ज्या मुलखात झाला तेथील कायदा मात्र चमत्कारिक होता. अक्षराच्या वळणावर अमेरिकेत कॉपीराइट चालत नाही. नाव मात्र ट्रेडमार्क म्हणून राखून ठेवता येते. त्यामुळे हेल्व्हेटिकाचेच वळण ‘स्विस’ या नावाने विकणाऱ्या बिटस्ट्रीम या कंपनीला आकारावरून हरकत घेण्याची सोय नव्हती. कायद्याने नाकारलेली ही मालकी अडोबीने तंत्राच्या आधारे राखू पाहिली. तिच्या टाइप 1 जातीच्या फॉन्टची फाइल उघडली, तर आरंभी नाव व जुजबी तपशील सरळ वाचता येतात, परंतु ‘ईएक्सेक’ हा आदेश ओलांडताच पुढील मजकूर सांकेतिक होतो. त्या भागात वक्रांच्या जोडीला ‘हिंट’ म्हणविल्या जाणाऱ्या सूचना असत. इंचाला 300 ठिपके टाकणाऱ्या यंत्रावर दहा पॉइंटच्या अक्षराला उंचीत सुमारे 42 ठिपके मिळतात व उभ्या दांड्याला तीन-चार. ‘एच’चा एक दांडा तीन ठिपक्यांचा आणि दुसरा चारांचा पडला की सबंध ओळ बेढब दिसते, आणि तो प्रमाद टाळणे हेच या सूचनांचे काम. टाइप 3 ही जात सर्वांस खुली होती, पण तीत या सूचनांना थारा नव्हता.

सुबक अक्षराची किल्ली अशी एका दप्तरात राहिली आणि प्रत्येक प्रिंटरमागे द्यावी लागणारी रॉयल्टी कारखानदारांना जाचू लागली. 1989च्या सप्टेंबरात सान फ्रान्सिस्को येथे अ‍ॅपल व मायक्रोसॉफ्ट या परस्परांच्या प्रतिस्पर्ध्यांनी तह जाहीर केला: ट्रूटाइप हे फॉन्टतंत्र अ‍ॅपलने द्यावे, छपाईची पर्यायी भाषा मायक्रोसॉफ्टने. ती भाषा रुजली नाही. पण बिटस्ट्रीमने टाइप 1चे कोडे तोवर सोडवलेच होते, आणि 1990 मध्ये अडोबीने त्याचा सारा तपशील स्वतःच पुस्तकरूपाने खुला केला. 1992च्या विंडोज 3.1बरोबर मोनोटाइपचा एरियल घरोघर गेला. त्याच्या अक्षरांची रुंदी हेल्व्हेटिकाशी तंतोतंत जुळवलेली असल्याने एकाच्या जागी दुसरा घातला तरी ओळी सरकत नसत.

मराठी मुद्रणाला या खुलेपणाचा लाभ अर्धाच झाला. त्या काळच्या आठ बिटांच्या फॉन्टांत एका वेळी 256च घरे. त्यांत देवनागरीचे काने, वेलांट्या व जोडाक्षरे प्रत्येक विक्रेत्याने आपापल्या क्रमाने भरली, आणि एका कंपनीच्या फॉन्टात जुळवलेला लेख दुसरीच्या फॉन्टात अगम्य ठरू लागला. फाइलीची रचना जाहीर असूनही मजकूर अडकून राहिला, तो अक्षरांचे क्रमांक सर्वांसाठी एकच ठरवणाऱ्या युनिकोडचा अंमल बसेपर्यंत.

पुढे 1996 मध्ये अडोबी व मायक्रोसॉफ्ट यांनीच मिळून ओपनटाइप हे फॉन्टतंत्र जाहीर केले आणि 2023च्या जानेवारीत अडोबीने आपल्या कार्यक्रमांतून टाइप 1ला रजा दिली. एरियल संगणकाबरोबर आयता मिळत असतानाही हेल्व्हेटिकाचा परवाना आजही दाम मोजून घेतला जातो. यावरून सांकेतिक मजकुराने जी किंमत राखता आली नाही, ती नावाने व कारागिरीने राखली, असेच म्हणावे लागते.