आखूड अँटेना आणि रानातली शांतता

हाती धरून वापरायच्या रेडिओ स्कॅनरला, म्हणजे ठरवून दिलेल्या वारंवारितांवरून एकामागून एक फिरत जाऊन जिथे संकेत लागेल तिथे थांबणाऱ्या ग्राहकसंचाला, किती दूरचे ऐकू येईल हे त्याच्या आतील मंडलांइतकेच त्याच्या माथ्यावरील अँटेनावर अवलंबून असते, आणि तरीही संच घेताना सर्वांत कमी विचार होतो तो याच वितभर दांडीचा. भंडारा जिल्ह्यात हा विषय केवळ हौसेचा नाही. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत पसरलेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये घोषित झाला, कोका अभयारण्य त्याचाच भाग आहे, पवनीच्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे, आणि या रानांत वाघांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून त्यांचा माग काढण्याचे काम झालेले आहे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून आणून नागझिऱ्यात सोडलेल्या दोन वाघिणींनाही अशा कॉलर होत्या. कॉलरचा संकेत ऐकणारा हातातला संच आणि हौशी श्रोत्याचा स्कॅनर यांचे भौतिकशास्त्र एकच असल्यामुळे एकाच्या अनुभवातून दुसऱ्याची निवड नीट समजते.

अँटेना आखूड आहे की लांब, हे फूटपट्टीवर ठरत नाही, ते तरंगलांबीशी ताडून ठरते. रेडिओतरंगाच्या लागोपाठच्या दोन शिखरांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी, आणि ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागले की ती मीटरमध्ये मिळते. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास, जिथे वनविभागांचे बिनतारी संच आणि पुष्कळ वन्यजीव कॉलर चालतात, तरंगलांबी सुमारे २ मीटर असते. हाती धरण्याच्या संचासाठी तिचा चौथा भाग ही स्वाभाविक लांबी मानली जाते, कारण त्या लांबीची तार त्या वारंवारितेशी अनुनाद साधते, म्हणजे झोका आपल्या लयीत ढकलला असता जसा सहज उंच जातो तशी तिच्यातील विद्युत्‌धारा सहज वाढते. हा चौथा भाग ५० सेंटीमीटर भरतो आणि प्रत्यक्षात तार त्याहून किंचित कमी, ४७-४८ सेंटीमीटर, ठेवावी लागते. ४३५ मेगाहर्ट्झवर मात्र हाच हिशेब १७ सेंटीमीटरवर येतो. त्यामुळे संचासोबत मिळणारी १७ सेंटीमीटरची दांडी एका पट्ट्यासाठी पूर्ण आणि दुसऱ्यासाठी तोकडी असते, आणि ‘सर्व पट्ट्यांसाठी एकच’ असे सांगून विकली जाणारी आखूड अँटेना बहुतेक पट्ट्यांवर तडजोडच असते.

ही तडजोड रबराच्या आवरणाखाली दडलेली असते. अर्धा मीटर तार वितभर जागेत बसवण्यासाठी ती स्प्रिंगसारखी गुंडाळतात. त्यामुळे अनुनाद साधतो, पण तरंगाशी देवाणघेवाण करण्याची जी क्षमता लांबीबरोबर येते, ती येत नाही. या क्षमतेचे माप म्हणजे विकिरण-रोध, आणि तो ओहममध्ये मोजतात. पाव तरंगलांबीच्या दांडीचा विकिरण-रोध आदर्श स्थितीत सुमारे ३६ ओहम असतो, तर १५० मेगाहर्ट्झवर १५ सेंटीमीटरच्या सरळ तारेचा तो जेमतेम २ ओहम उरतो. वेटोळ्याच्या तारेचा स्वतःचा रोधही त्याच मापाचा असेल, तर मिळालेल्या ऊर्जेचा मोठा वाटा वेटोळ्यातच उष्णता होऊन संपतो. शिवाय असे वेटोळे अगदी अरुंद पट्ट्यातच चांगले चालते, आणि म्हणून शंभर मेगाहर्ट्झचा पल्ला फिरणाऱ्या स्कॅनरला ते एका जागी साथ देते व इतरत्र सोडून देते. आखूड अँटेना घ्यायचीच असेल, तर ज्या वारंवारितेवर अधिक वेळ ऐकायचे तिच्यासाठी बनवलेली घ्यावी. ओढून लांब करता येणारी दांडी याहून सरस, फक्त बांबूच्या बेटातून चालताना ती वाकते वा मोडते हे ध्यानात ठेवावे लागते.

या चर्चेत बहुधा विसरला जाणारा भाग असा, की पाव तरंगलांबीची दांडी ही अर्धीच अँटेना असते. तिचा दुसरा अर्धा भाग म्हणजे संचाचे धातूचे अंग आणि तो धरणाऱ्याचा हात. कमरेला अडकवलेल्या संचापेक्षा डोक्याच्या उंचीवर उभा धरलेला तोच संच कितीतरी अधिक ऐकतो, कारण शरीर तरंग शोषून घेते आणि दांडी आडवी झाली की उभ्या तरंगाशी तिचा मेळ सुटतो. या उणिवेवर हौशी रेडिओचालकांनी शोधलेला उपाय अतिशय स्वस्त आहे. अँटेनाच्या जोडणीच्या बाहेरच्या कड्याला ४८ सेंटीमीटरची साधी तार बांधून ती खाली लोंबती ठेवली, की उरलेला अर्धा भाग मिळतो. या तारेला जगभरचे रेडिओचालक ‘वाघाची शेपटी’ म्हणतात, आणि नागझिऱ्याच्या परिसरात हे नाव विशेष शोभते.

लांबीहून उंची मोठी. रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये काढायचे तर मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला सुमारे ४.१ ने गुणावे लागते; त्या हिशेबाने दीड मीटर उंचीवरच्या हाताला सुमारे ५ किलोमीटर, तर नऊ मीटरच्या मचाणावरील त्याच हाताला १२ किलोमीटरहून अधिक क्षितिज लाभते. धानाच्या बांध्यांवर आणि मालगुजारी तलावांच्या पाळींवर या आकड्यांच्या जवळ जाता येते. गायखुरीच्या डोंगररांगेत आणि ओल्या पानांनी गच्च भरलेल्या श्रावणातल्या रानात ते फार खाली येतात.

कायद्याची मर्यादाही निवडीच्या आधी पाहावी. दुसऱ्यांसाठी असलेले पोलिसांचे वा खासगी संदेश ऐकणे भारतात गुन्हा आहे, आणि बिनतारी संचांवर शासनाचे नियंत्रण आहे. केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घेणाऱ्याला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा रीतसर खुला होतो, आणि आखूड अँटेनाचे सारे प्रयोग तिथे निर्धोकपणे करता येतात.

जवळच्या पल्ल्यात मात्र आखूडपणा गुण ठरतो. प्रबळ प्रक्षेपकाशेजारी लांब अँटेना संचाला इतकी ऊर्जा देते की तो गुदमरतो आणि नसलेले संकेत दाखवू लागतो. वाघाचा माग काढतानाही दिशा कळावी म्हणून वापरली जाणारी अनेक दांड्यांची यागी अँटेना वाघ अगदी जवळ असताना सगळीकडून सारखाच आवाज देते; तेव्हा ती काढून तोकडी तार लावली, संच छातीशी धरला आणि जागेवर सावकाश वळले, की ज्या क्षणी आवाज सर्वांत क्षीण होतो त्या क्षणी संकेत पाठीमागे असतो.

नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेला ‘जय’ हा प्रसिद्ध वाघ एप्रिल २०१६ नंतर दिसला नाही आणि त्याच्या कॉलरचे संकेतही थांबले. अशा शांततेला अनेक कारणे असू शकतात: बॅटरी संपणे, कॉलर तुटणे, वाघ पल्ल्याबाहेर जाणे, मध्ये टेकडी येणे. पहिल्या दोहोंबाबत अँटेना काही करू शकत नाही. पुढच्या दोहोंबाबत शोधणाऱ्याला आपल्या अँटेनाचा पल्ला आधीच ठाऊक असेल, तरच न ऐकू आलेल्या संकेताला काही अर्थ राहतो. त्यासाठी चालू असलेली एखादी जादा कॉलर वाघाच्या मानेच्या उंचीवर झाडाला बांधून, आखूड आणि लांब अशा दोन्ही अँटेना घेऊन आवाज विरेपर्यंत दूर चालत जावे, अंतर वहीत टिपावे, आणि पानगळीत टिपलेले हेच अंतर ऑगस्टमध्ये त्याच झाडापासून पुन्हा मोजावे.