फोन सतरंजीवर ठेवला तेव्हा

दिवाळीला नातू पुण्याहून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला आला की पहिले दोन दिवस किल्ल्यात जातात. तिसऱ्या दिवशी मावळे उन्हात तापत पडतात आणि पोरगं फोन मागतं. पाच वर्षांना दोन महिने कमी आहेत. बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनं 2021 साली सांगून ठेवलंय की, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास स्क्रीन द्यावा, तोही मोठ्यांच्या देखरेखीत. देखरेख म्हणजे शेजारी बसून पेपर वाचणं, असा माझा समज होता.

यंदा फोन सतरंजीवर आडवा ठेवला. हातातला फोन एकट्याचा असतो. खाली ठेवला की त्याचा पट होतो. लुडो किंग लावला. हा खेळ नवी मुंबईतल्या कंपनीनं 2016 साली काढला आणि लॉकडाउनमध्ये घरोघरी पोचला. एकाच फोनवर आळीपाळीनं खेळता येतो, नेटही लागत नाही. शिवाय नेट बंद ठेवलं की जाहिराती फारशा मधे येत नाहीत. लुडो तरी कुठला परका? आपल्या पचिशीवरूनच बेतला आणि 1896 साली इंग्लंडात त्याचं पेटंट झालं. फोन म्हटलं की नाक मुरडणारी आजी सोंगटी मारायची म्हटल्यावर चष्मा घेऊन आली.

दोन डाव झाल्यावर लक्षात आलं, पोरगं मोजतच नाही. बोट टेकवलं की फासा पडतो आणि सोंगटी आपली आपण चालते.

अमेरिकेत रॉबर्ट सिग्लर आणि गीता रामाणी यांनी 2008 साली गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका ओळीत 1 ते 10 घरांचा पट. दोन आठवड्यांत चार वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं खेळायचं. तीनच्या घरात असताना दोन पडले तर ‘एक, दोन’ नव्हे, ‘चार, पाच’ म्हणत सरकायचं. एवढ्यानं मुलांची आकड्यांची समज वाढली. तसाच पट, पण आकड्यांऐवजी नुसते रंग, यावर खेळलेल्या मुलांत मात्र काही फरक पडला नाही.

लुडोत नुसते रंगच! मग त्याच ॲपमधली सापशिडी काढली. आकडे आले, पण सोंगटी काही आमच्या मोजण्यासाठी थांबेना. शेवटी खडू घेतला आणि ओट्यावरच घरं आखली. शंभरापर्यंत जायचं होतं, कंबरेनं पन्नासावर थांबवलं.

मोक्षपट, म्हणजे जुनी सापशिडी, ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरा सांगते आणि ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासं आमच्याच जिल्ह्यातलं. पण आमच्या पटावर मोक्षाआधी एकोणतीस आडवा आला. अठ्ठावीसनंतर पोरगं सरळ ‘ट्वेंटी नाइन’ म्हणतं. तीस यायच्या आधीच त्याचं नाव कसं घ्यायचं, हे त्याला पटेना. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मीही तेव्हा कट्ट्यावर तावातावानं बोललो होतो. ओट्यावर उकिडवं बसून ‘एकोण’ म्हणजे काय ते सांगताना आवाज जरा खाली आला.

साप काढायचं काम नातवाकडे होतं. त्यानं एकोणपन्नासवर तोंड काढलं आणि शेपूट ओट्याच्या तीन पायऱ्या उतरवून पार किल्ल्यापर्यंत नेली.

“आबा, इथं आलास ना, की थेट अंगणात.”

मी सत्तेचाळीसवर होतो.